दिल्ली गोल्फ क्लब: झाडीतलं मैदान आणि कॅडींची पोरं

पराठाप्रेमी

गोल्फवर धागा काढतोय म्हटल्यावर अर्धी मंडळी इथूनच परत फिरणार. फिरा बापडे. निदान गाळीव इतिहास म्हणून तरी वाचा.

मी गेली बावीस वर्षं दिल्लीत आहे, नोकरीच्या निमित्ताने. गोल्फ खेळत नाही. खेळलो ते एकदाच, साहेबांच्या आग्रहाखातर, आणि त्या दिवशी चेंडूपेक्षा माती जास्त लांब गेली. पण बघायला मात्र नेमाने जातो, आणि त्याला कारण एकच ठिकाण: झाकीर हुसेन मार्गावरचं दिल्ली गोल्फ क्लबचं मैदान.

बाहेरून तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. खान मार्केटकडून इंडिया गेटकडे जाताना लांबच लांब भिंत लागते आणि वरून नुसती झाडी दिसते. रिक्षावाले "जंगल है साब अंदर" म्हणतात, त्यात खोटं काही नाही. १९३०च्या दशकात हे लोधी गोल्फ क्लब म्हणून सुरू झालं, १९५० साली दिल्ली गोल्फ क्लब झालं. आत अठरा होलचा लोधी कोर्स आणि नऊ होलचा पीकॉक कोर्स. मोर खरोखरच आहेत, नावापुरते नाहीत. शिवाय मुघल काळातल्या कबरी. त्यातल्या लाल बंगला नावाच्या कबरींचे घुमट तर फाटकातून आत शिरल्याशिरल्या दिसतात. जगात इतरत्र गोल्फच्या मैदानावर तळी खोदतात, इथे इतिहास आयताच पडलेला होता.

आता मुद्द्याचं. टीव्हीवर आपण जी मैदानं बघतो ती ऐसपैस असतात. चेंडू थोडा तिरका गेला तर शेजारच्या गवतात पडतो, तिथून मारायचा. इथे तसं नाही. फेअरवे, म्हणजे होलपर्यंत जाणारी कापलेल्या गवताची पट्टी, इथे झाडीतून काढलेला बोळ. दोन्ही बाजूंना कीकर, म्हणजे आपली बाभूळ, आणि खाली काटेरी झुडपांचं असं गचपण की चेंडू आत गेला तर तो मोरांचा. लांबी सात हजार यार्डांच्या आतबाहेर, म्हणजे आजच्या हिशेबाने आखूडच. म्हणून बाहेरून येणारा बलदंड खेळाडू पहिल्या दिवशी हसतो आणि दुसऱ्या दिवशी कट चुकवून विमानतळावर असतो.

१९६४ साली पहिली इंडियन ओपन इथेच झाली. जिंकला पीटर थॉमसन हा ऑस्ट्रेलियन, पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला माणूस. १९६६ला आणि १९७६ला परत तोच. त्याला हे मैदान एवढं आवडलं की १९७६-७७ मध्ये त्याची फेररचनाही त्यानेच केली.

मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक कोण? अली शेर. याच क्लबात कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी उचलणारा, म्हणून वाढलेला. (त्याआधी १९६५ला पी. जी. सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू होते आणि मैदान कलकत्त्याचं होतं.) अली शेर १९९३ला पुन्हा जिंकला. २००२ला विजय कुमार, लखनौचा, तोही कॅडीच. २००८ला युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेची भारतातली पहिली स्पर्धा इथे झाली, इंडियन मास्टर्स. अर्नी एल्ससारखे बडे खेळाडू आले होते. जिंकला कोण? एसएसपी चौरासिया. वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीची, निगा राखणारे माळी. २०१३ची इंडियन ओपन सिद्दिकुर रहमान, ढाक्याच्या कुर्मीटोला क्लबातला चेंडू उचलणारा पोरगा. २०१६ला पुन्हा चौरासिया.

माझं म्हणणं असं: हे योगायोगाने होत नाही. या मैदानावर ताकद आणि महागडा प्रशिक्षक यांपेक्षा झाडीची ओळख मोठी ठरते. आणि झाडीची ओळख सभासदांना नसते, ती झाडीत शिरून चेंडू शोधणाऱ्यांना असते. पटतंय का बघा.

---

चष्मा

वाचनखूण साठवली. गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक बाळबोध शंका: कट चुकवणे म्हणजे काय? आणि गोल्फच्या बातम्यांत ते "सात अंडर" वगैरे असतं ते?

---

पराठाप्रेमी

@चष्मा, स्पर्धा चार दिवसांची. रोज अठरा होल. दोन दिवस झाले की खालचे निम्म्याहून जास्त लोक घरी जातात, त्याला कट म्हणायचं. प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. चार दिवसांत पारपेक्षा सात फटके कमी लागले तर सात अंडर. कमी तितकं चांगलं. आपल्या पगारासारखं नाही.

---

काडेपेटी

छान. म्हणजे राजधानीच्या मध्यावर सरकारी भाडेपट्ट्याची शेकडो कोटींची जमीन, सभासदत्वाची रांग पिढ्यान्‌पिढ्या, आत साहेबलोक. आणि कौतुक कशाचं, तर त्यांच्या पिशव्या उचलणाऱ्यांनी कधीमधी एखादा कप जिंकला त्याचं. पिशवी उचलणारा जिंकला म्हणून क्लब लोकांचा होतो का?

---

पराठाप्रेमी

@काडेपेटी, नावाला जागलात. क्लब लोकांचा आहे असं मी कुठे म्हटलं?

---

सुलक्षणा_

काडेपेटींचा सूर सोडा, मुद्दा सोडू नका. २०१७ साली याच क्लबात मेघालयातल्या एका बाईंना जेवणाच्या टेबलावरून उठवलं होतं. त्या आया म्हणून एका कुटुंबासोबत आल्या होत्या, अंगावर त्यांचा खासी पोशाख, जैनसेम. पोशाख मोलकरणीसारखा दिसतो म्हणे. देशभर बोंब झाल्यावर क्लबाने दिलगिरी व्यक्त केली. तेव्हा झाडीतल्या रोमँटिक गोष्टी सांगताना हेही त्याच भिंतीच्या आत घडलंय हे लक्षात असू द्या.

बाकी लेख आवडला. मोर आणि कबरी डोळ्यांसमोर आल्या.

---

पराठाप्रेमी

ताई, बरोबर आहे. मूळ धाग्यात यायला हवं होतं. मी मैदानाच्या प्रेमात आहे, क्लबाच्या नाही, पण लिहिताना दोन्ही एकात एक मिसळतात खरे.

---

औंधकर

मी खेळतो, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) सांगण्यासारखा नाही. मूळ सिद्धांतावर आक्षेप आहे.

लाहिरीचं काय? अनिर्बन लाहिरी, जन्म पुण्याचा (हे आपण विसरायचं नाही), वडील लष्करात डॉक्टर. कॅडी नव्हे. त्याच्या एशियन टूरच्या सात विजयांपैकी चार या एकाच मैदानावरचे आहेत. २०११ची पॅनासोनिक ओपन हा त्याचा पहिला विजय, मग २०१२ आणि २०१३ची सेल ओपन, मग २०१५ची इंडियन ओपन. ज्योती रंधावा तीन वेळा इंडियन ओपन जिंकला, त्यातल्या २००६ आणि २००७च्या दोन इथेच. तोही कॅडी नव्हता. शिव कपूर तर याच क्लबात लहानाचा मोठा झाला, सभासदाच्या घरातला, आणि २०१७ला इथेच पॅनासोनिक ओपन जिंकला.

उलट बाजूने बघा. २००९ची इंडियन ओपन डीएलएफ क्लबाला झाली, गुडगावात. तिथे झाडी औषधालाही नाही. जिंकला मुनियप्पा, बंगळूरच्या क्लबात आधी मजुरी केलेला आणि मग कॅडी झालेला. २०१७ला स्पर्धा पुन्हा डीएलएफला गेली, दक्षिण आफ्रिकेचा जुना नामवंत खेळाडू गॅरी प्लेयर याने आखलेल्या नव्या अक्राळविक्राळ कोर्सवर. सगळे म्हणत होते आता चौरासिया संपला, हा लांब फटक्यांचा कोर्स. तो सात फटक्यांनी जिंकला. सात! मग झाडीची ओळख कुठे गेली?

---

पराठाप्रेमी

औंधकर, हा घाव वर्मी बसला. २०१७ मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

विचार करून लिहितो. ऑफिसात आहे.

---

माळवी_पोहे

तोवर मी एक भर घालतो. २०१६च्या डिसेंबरात इथेच पॅनासोनिक ओपन झाली आणि जिंकला आमच्या महूचा मुकेश कुमार. वय किती? ५१. एशियन टूरवर एवढ्या वयात पहिला विजय कोणाचाच नव्हता. देशांतर्गत स्पर्धा त्याने शंभराच्या वर जिंकलेल्या, पण बाहेर जायचा कंटाळा. विमानाने उठून कोरिया-जपान करण्यापेक्षा घरचं जेवण बरं, असा माणूस. धुक्यामुळे चारऐवजी तीनच फेऱ्या झाल्या होत्या, आणि ते धुकं दिल्लीकरांना मी काय सांगू.

महू म्हटलं की मराठी माणसाला बाबासाहेबांचं जन्मगाव आठवतं. आम्हा इंदूरकरांना त्यासोबत छावणीतलं गोल्फ मैदानही आठवतं. मुकेशही तिथेच लहानपणी चेंडू उचलायचा. म्हणजे पराठाप्रेमींच्या यादीत हा एक धरा.

---

निवृत्त_सुभेदार

छावणीचा विषय निघाला म्हणून लिहितो. भारतातली किती मैदानं फौजेची आहेत हे लोकांना ठाऊक नसतं. खडकी, महू, वेलिंग्टन, जिथे छावणी तिथे गोल्फ. आम्ही जवान लोक खेळत नसू, पण ड्युटी लागायची.

एक शब्द सांगतो जो लेखात यायला हवा होता: आगेवाला. साहेब टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा राहतो, त्याचा कॅडी पिशवी घेऊन मागे. आणि दोनशे-अडीचशे यार्ड पुढे, वळणावर, झाडाला टेकून आणखी एक माणूस उभा असतो. तो आगेवाला. त्याचं काम चेंडूवर नजर ठेवायचं. हातात रुमाल. चेंडू बरा पडला तर रुमाल एका बाजूला, झाडीत गेला तर दुसऱ्या बाजूला, गायबच झाला तर दोन्ही हात वर. साहेबाला चेंडू दिसतही नसतो, पण आगेवाल्याचा रुमाल बघून त्याला रक्तदाब किती वाढवायचा ते कळतं.

दिल्लीच्या त्या झाडीत आगेवाल्याशिवाय चेंडू सापडणं कठीण. माझा एक भाचेजावई तिकडे होता, तो सांगायचा की मुरलेला आगेवाला चेंडू बघत नाही, ऐकतो. खोडावर लागला की टक्‌ असा कोरडा आवाज, पाल्यात शिरला की फस्स. टक्‌ म्हणजे बाहेर फेकला गेला असेल, फस्स म्हणजे खलास.

---

चष्मा

सुभेदार, या एका प्रतिसादासाठी धागा वर ठेवायला हवा. रुमालाची गोष्ट भारीच.

---

काडेपेटी

आगेवाल्याला दिवसाचे किती मिळायचे हेही सांगा.

---

निवृत्त_सुभेदार

साहेबाच्या स्कोअरवर अवलंबून. हसून सांगत नाही, खरंच तसं असायचं.

---

गणपुले_तळेगाव

मी लहानपणी पुण्याजवळच्या एका क्लबात दोन उन्हाळे कॅडी होतो. नाव घेत नाही. सत्तरच्या दशकाचा शेवट. औंधकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन उन्हाळ्यांत दिसतं, म्हणून इतकी वर्षं फक्त वाचणारा मी आज लिहितोय. चुका पोटात घाला.

कॅडीला मैदानावर खेळायची परवानगी नसे. सोमवारी मैदान बंद, तेव्हा मुकादमाचा डोळा चुकवून थोडं खेळता यायचं. बाकी दिवस कॅडी बसायचे त्या शेडच्या मागे आमचं मैदान. मोरीच्या पाण्याने हिरवा झालेला एक तुकडा, एका बाजूला सायकली, एका बाजूला उकिरडा. लांबी असेल तीस पावलं. एवढ्या जागेत लांब फटका मारणार कसा? मारला तर सायकलीच्या घंटीवर, आणि मग मार. म्हणून आम्ही फक्त छोटे फटके मारायचो. डबा पुरलेला, त्यात चेंडू घालायचा. पाच पैसे लावून.

आणि दांडा एकच. कोणा साहेबाने रागाने आपटून वाकवलेला सात नंबरचा आयर्न. पाना लावून सरळ केलेला. चेंडू उंच उडवायचाय? सात नंबर. घरंगळत न्यायचाय? सात नंबर. सायकलीच्या चाकाखालून काढायचाय? तोच. मनगटाने त्याचं तोंड थोडं उघडायचं, थोडं मिटायचं. ज्याच्याकडे चौदा दांडे असतात तो दांडा बदलतो. ज्याच्याकडे एक असतो तो हात बदलतो.

आमच्यातला एक पोरगा, नाव सांगत नाही, डब्यापासून दहा पावलांवरून दहापैकी सहा आत घालायचा. पुढे तो दूधडेरीत लागला. मी बँकेत.

तर औंधकर, माझ्या मते गोष्ट झाडीची नाही. ग्रीनच्या जवळच्या त्या शेवटच्या तीस पावलांची आहे. झाडीच्या मैदानावर लांब मारणाऱ्याचा फायदा कापला जातो, म्हणून तिथे ती तीस पावलं उठून दिसतात एवढंच.

---

सुलक्षणा_

गणपुले काका, लिहीत जा हो. इतकी वर्षं का गप्प होतात?

---

औंधकर

मान्य. पूर्ण मान्य. चौरासियाला टूरवर चिपपुटसिया म्हणतात ते उगाच नाही. चिप म्हणजे ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका, पट म्हणजे ग्रीनवरून होलकडे घरंगळवलेला. मी त्याला एकदा सरावाच्या ग्रीनवर पाहिलंय. शेजारी एक परदेशी खेळाडू, त्याच्यासोबत प्रशिक्षक, कॅमेरा, जमिनीवर आखलेल्या दोऱ्या. हा एकटा. तीन चेंडू टाकतो, तिन्ही वेगवेगळ्या उंचीने मारतो, तिन्ही होलच्या हातभर अंतरात. मग चहा.

---

पराठाप्रेमी

ऑफिस सुटलं. गणपुले काकांनी माझं काम केलं. मूळ सिद्धांत मागे घेतो, निदान अर्धा. मैदान कॅडींना जिंकून देत नाही. ते बाकीच्यांचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वात लांब मारायचा दांडा, काढून घेतं आणि सगळ्यांना शेडच्या मागच्या त्या तुकड्यावर आणून उभं करतं.

आता २०१५ सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि औंधकरांचा लाहिरी त्यात आहे.

इंडियन ओपनचा शेवटचा दिवस, फेब्रुवारी. चौरासिया सर्वांच्या पुढे, लाहिरी त्याच्याहून सात फटके मागे. सात म्हणजे काही उरलेलं नसतं. चौरासिया त्याआधी या स्पर्धेत तीनदा दुसरा आलेला, पहिल्यांदा १९९९ साली. आदल्या खेपेला, २०१३ला, याच मैदानावर सिद्दिकुरने एका फटक्याने घालवली होती, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण कोण? हेच दोघं. त्यामुळे आज चौरासियाचंच, असं सगळे धरून चालले होते. माझ्या शेजारी क्लबातले चार-पाच कॅडी दोरीला टेकून उभे. "आज अपना चौरसिया ले जाएगा", त्यातला एक बिडी न पेटवता ओठात धरून म्हणाला. मैदानावर धूम्रपान मना, पण बिडी हवीच.

मग हळूहळू सुटायला लागलं. एकदम कोसळला असं नाही. इथे एक फटका झाडीत, तिथे एक पट कडेला लागून बाहेर. गोल्फमध्ये पडझड आवाज करत नाही, लीडरबोर्डवर आकडा बदलतो तेवढाच. त्या दिवशी चौरासियाला ७६ फटके लागले, लाहिरीला ६९. बरोबर सातचा फरक. दोघंही सात अंडरवर येऊन थांबले.

बरोबरी सोडवायला प्लेऑफ, अठराव्या होलवर. आता तुम्ही म्हणाल मी रंगवतोय, पण चौरासिया पटसाठी वाकला असताना मागच्या झाडीतून मोर ओरडला. तो सरळ झाला, थांबला, पुन्हा वाकला. लाहिरीने बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, आणि संपलं. बिडीवाला काही बोलला नाही. त्याने बिडी खिशात ठेवली आणि शेडकडे चालायला लागला.

पुढच्या वर्षी, मार्च २०१६, चौरासिया इथेच दोन फटक्यांनी जिंकला. आणि दुसऱ्या क्रमांकावर संयुक्तपणे कोण? लाहिरी. त्या दिवशी मी नेमका एका लग्नात होतो, गाझियाबादला. अजून बायकोला ऐकवतो.

---

माळवी_पोहे

गाझियाबादच्या लग्नाबद्दल सहानुभूती.

---

लिंबूटिंबू_प्रो

टायगर वुड्स पण आला होता ना तिथे? व्हॉट्सॲपवर फोटो फिरला होता.

---

औंधकर

हो, फेब्रुवारी २०१४, प्रदर्शनी फेरी. ६३ फटके, म्हणजे नऊ अंडर. स्पर्धा नव्हती त्यामुळे इतिहासात मोजायची नाही, पण मैदान पहिल्यांदा पाहणाऱ्याने ६३ मारले म्हणजे शेवटी टायगर तो टायगर.

---

चष्मा

मग स्पर्धा इथून गेली का आणि परत आली का? गेल्या वर्षी मॅकिलरॉय आला होता असं वाचलं.

---

पराठाप्रेमी

२०१७पासून इंडियन ओपन डीएलएफला गेली. मग इथला कोर्स गॅरी प्लेयरच्या कंपनीकडून नव्याने करून घेतला, २०१९ला उघडला. डीएलएफही त्याचंच, म्हणजे दिल्लीचं जुनं आणि गुडगावचं नवं दोन्ही एकाच म्हाताऱ्याच्या हातचं. ग्रीन आता आधीपेक्षा उंचसखल आहेत. जुने लोक कुरकुरतात. झाडीला मात्र कोणी हात लावलेला नाही. २०२२ला एशियन टूर परत आली, डीजीसी (दिल्ली गोल्फ क्लब) ओपन, थायलंडचा नितिथोर्न थिप्पोंग जिंकला.

आणि ऑक्टोबर २०२५ला डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप. बक्षिसाची रक्कम चाळीस लाख डॉलर. मॅकिलरॉय त्याच वर्षी मास्टर्स जिंकून ग्रँड स्लॅम (कारकिर्दीत चारही मोठ्या स्पर्धा) पूर्ण करून आलेला, शिवाय शेन लॉरी, हॉवलँड, फ्लीटवूड. एवढी मंडळी भारतात एकत्र कधी आली नव्हती. दिल्लीच्या लोकांनी तर मॅकिलरॉयच्या मागे अशी गर्दी केली की दोऱ्या कुठे आहेत ते कळेना.

आता गंमत बघा. मॅकिलरॉय म्हणजे आजच्या जगातला सर्वात देखणा लांब फटका. ड्रायव्हर हे त्याचं ब्रह्मास्त्र. त्याने मैदान पाहिलं आणि या आठवड्यात ड्रायव्हर मारणार नाही असं आधीच सांगून टाकलं. म्हणजे सचिनला बोलावून कव्हर ड्राइव्ह न मारण्याची अट घालावी तसं. मी पहिल्या टी-पाशी उभा होतो. माझ्यामागच्या एका गृहस्थांनी खास त्याचा ड्रायव्हर बघायला जयपूरहून आल्याचं सांगितलं. त्याने आयर्न काढला. त्यांनी एक सुस्कारा सोडला, तो पहिल्या होलच्या ग्रीनपर्यंत गेला असावा.

फ्लीटवूड जिंकला, २२ अंडर, जपानच्या नाकाजिमापेक्षा दोन फटक्यांनी. शेवटच्या होलनंतर त्याचा छोटा मुलगा धावत ग्रीनवर आला. बाबांनी स्पर्धा जिंकावी आणि आपण असं धावत जावं, अशी त्या पोराची फर्माईश होती म्हणे. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, गॉगल घालून उभा होतो ते बरं झालं.

---

काडेपेटी

२२ अंडर! मग तुमची ती भीतिदायक झाडी कुठे गेली? चौरासिया-लाहिरी सात अंडरवर प्लेऑफ खेळत होते.

---

औंधकर

काडी बरोबर लागली आहे, पण उत्तर आहे. फ्लीटवूड हा जगातल्या सर्वात सरळ मारणाऱ्यांपैकी एक. आयर्न त्याच्या हातात पेनासारखा चालतो. ज्याचा चेंडू झाडीत जातच नाही त्याला झाडी म्हणजे शोभा. शिवाय मैदान आखूड, त्यामुळे सरळ मारणारा जवळ पोचतो आणि मग बर्डीचा पाऊस. हे मैदान अवघड नाहीये, कडक आहे. दोन्हींत फरक आहे. अवघड मैदान सगळ्यांना छळतं. हे फक्त चुकणाऱ्याला छळतं.

---

काडेपेटी

बरं. हे पटलं. नोंद घ्या, मला काहीतरी पटलंय.

---

सुलक्षणा_

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

लिंबूटिंबू_प्रो

अवांतर: मराठी गोल्फर कोणी आहे का व्यावसायिक? की आपण फक्त प्रतिसाद लिहिणार?

---

औंधकर

उदयन माने. पुण्याचा. टोकियो ऑलिंपिकला गेला होता, अर्जेंटिनाच्या ग्रिलोने माघार घेतल्यावर ऐनवेळी जागा मिळाली. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, आणि ज्या देशाला पार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तो पहाटे उठून तिचे पट बघत बसला होता. आमच्या सोसायटीत तर कामवाल्या मावशींनी विचारलं, "ती पोरगी जिंकली का?"

---

गणपुले_तळेगाव

एक विचारायचं होतं पराठाप्रेमींना. रशीद खान याच क्लबातला ना? त्याने २०१४ची सेल ओपन तिथेच जिंकल्याचं वाचलेलं आठवतं. आता त्या क्लबात कॅडींच्या पोरांना खेळायला मिळतं का? की अजून सोमवारच?

---

पराठाप्रेमी

काका, रशीद खान तिथलाच, आणि २०१४ बरोबर. शमीम खानही तिथलाच, त्यानेही सुरुवात कॅडी म्हणून केली. आतले नियम काय आहेत ते मी सभासद नसल्याने छातीठोक सांगणार नाही. व्यावसायिक झालेल्या मुलांना सरावाला वेळ मिळण्यावरून कुरबुरी झालेल्या पेपरात वाचल्या आहेत.

पण तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात होती. काल संध्याकाळी मुद्दाम तिकडून चालत आलो. भिंतीच्या बाहेर, बसथांब्याच्या मागे, पदपथ जरा रुंद आहे. तिथे दोन पोरं होती, बारा-तेराची. एकाच्या हातात दांडा, मुठीपाशी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. चेंडू पिवळा, पावसाळ्यात मुरलेला. डब्याऐवजी फुटका हेल्मेट उलटा ठेवलेला. दांडा किती नंबरचा ते मला ओळखू येत नाही, म्हणून थांबून विचारलं.

"सात नंबर, अंकल. हटिए, लग जाएगा."

---

गणपुले_तळेगाव

मूठ सैल धरायला सांगा त्याला.